आपली विनंती नोंदवली आहे

रिसॉर्टात खोली मिळण्याचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात आपण पैसे भरतो. दुसऱ्या टप्प्यात, एका हातात बॅग आणि कडेवर पेंगुळलेलं लेकरू घेऊन काउंटरसमोर उभे असताना आपल्याला कळतं, की पैसे खोलीचे नव्हतेच. ते खोलीच्या जातीचे होते. डिलक्स, सुपर डिलक्स, प्रीमियम, फॅमिली सूट अशा या जाती. डिलक्समध्ये वीस खोल्या असतील, तर त्यातली कोणतीही एक आपली. तिचं तोंड तळ्याकडं असेल किंवा जनरेटरकडं. फोटोत तळ्याकडची असते. जनरेटरचा फोटो आजवर कुठल्याही रिसॉर्टानं काढलेला नाही.

बुकिंग करताना 'विशेष विनंती' अशी एक रिकामी चौकट येते. ती दिसली की मराठी माणसाच्या मनाचा बांध फुटतो. बायकोला सांगितल्या नसतील अशा इच्छा तो तिथं लिहितो. तळमजला हवा, पण खिडकीतून लांबवरचं दिसावं. शांतता हवी, पण जेवणाचा हॉल जवळ असावा. लिफ्टजवळची नको, पण लिफ्टपासून फार चालायला लागू नये. यावर उत्तर येतं, "आपली विनंती नोंदवली आहे." सरकारी कागदावर 'उचित कार्यवाहीस्तव सादर' असतं ना, त्याच घराण्यातलं हे वाक्य. त्यात नकार नाही, होकार नाही, आणि वाचणाऱ्याला मात्र आपलं काम झालं असं वाटतं.

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही आणि थंड हवेचं ठिकाणही नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही म्हणतो. 'बनी तो बनी, नही तो परभणी' असं बाकीचे म्हणतात. या दोहोंच्या मधे कुठंतरी आमचे लॉन्स आहेत. जिंतूर रोड घ्या, वसमत रोड घ्या, गंगाखेड किंवा पाथरी रोड घ्या. कापूस-सोयाबीनचं रान लागायच्या आत एखादी कमान लागतेच. कमानीच्या आत हिरवळ, हिरवळीच्या टोकाला स्टेज, आणि स्टेजच्या मागं दोन मजली इमारत. त्या इमारतीतल्या खोल्या हाच आमचा रिसॉर्ट. तिथं माणूस सुट्टीला जात नाही, लग्नाला जातो. पण खोलीवरून होणारं राजकारण गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पंचतारांकित हॉटेलाला शिकवणी लावेल इतकं पुढं गेलेलं आहे.

गोव्यात खोल्या वाटणाऱ्याला फ्रंट ऑफिस मॅनेजर म्हणतात. आमच्याकडं त्याला मुलीचे मामा म्हणतात. मॅनेजरला पगार असतो. मामांना फेटा असतो. मॅनेजरची पाळी आठ तासांनी संपते. मामांची हळदीला सुरू होते ती बोळवण होईपर्यंत. मॅनेजरपुढं संगणक असतो. मामांच्या बगलेत बियाण्याच्या कंपनीची मागच्या सालची डायरी असते आणि कमरेला चाव्यांचा जुडगा. डायरीत खोल्यांचा नकाशा पेन्सिलीनं काढलेला असतो. पेन्सिलीनंच, कारण जानवशात कोणतीही खोली कायमची कुणाची नसते.

आता विनंत्यांचा प्रकार पाहा. पुण्यामुंबईच्या माणसाला खोलीतून काहीतरी दिसायला हवं असतं. परभणीच्या माणसाला खोलीत काहीतरी चालायला हवं असतं: पंखा, कूलर आणि नळ, या क्रमानं. इकडं लग्नाच्या तिथी एप्रिल-मेमधे दाट असतात आणि पारा ४४-४५ अंशांवर असतो. समुद्रकाठी सगळ्यात वरचा मजला म्हणजे जादा पैसे मोजून घ्यायची चैन. परभणीत मे महिन्यात गच्चीखालची खोली ही शिक्षा आहे. स्लॅब दिवसभर ऊन घेतो आणि रात्री बारापर्यंत परत देत बसतो. घेतलेलं इतक्या इमानानं परत करणारं जिल्ह्यात दुसरं कुणी नाही. त्यात भिंत पश्चिमेची असली तर झोपणारा माणूस दोन्ही बाजूंनी खरपूस होतो.

डिसेंबरात सगळं उलटतं. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला आकडा पेपरात येतो आणि तो कधीकधी पाच अंशांच्याही खाली असतो. शहरातल्या थंडीपेक्षा विद्यापीठातली थंडी नेहमी थोडी जास्त भरते. शिकलेली थंडी असते ती. मग उन्हाळ्यात ज्यांनी पश्चिमेच्या भिंतीवरून दोन वर्षं अबोला धरला, तेच पाव्हणे ती उबदार खोली मागायला मामांच्या मागं फिरतात. खोली तीच, भिंत तीच. फक्त महिना बदललेला.

रिसॉर्टात खोली कशी ठरते, हे एकदा समजून घेतलं तर निम्मा राग जाईल. वाटप आपण काउंटरवर पोचल्यावर होत नाही. ते बहुधा आदल्या रात्री किंवा त्या दिवशी पहाटे होतं. उद्या येणारे कोण आणि उद्या जाणारे कोण, या दोन याद्या समोर ठेवायच्या. आधी जास्त रात्री राहणाऱ्यांना बसवायचं, कारण त्यांना सलग मोकळी खोली लागते. मग समूहानं येणारे. त्यांना एका रांगेत हवं असतं. मग ज्यांना आतून दार असलेल्या जोडखोल्या लागतात ते. अशा खोल्या मोजक्याच असतात. मग म्हातारी माणसं, तान्ही बाळं, ज्यांना जिना चढवत नाही ते. मग दरवर्षी येणारे. शेवटी उरलेल्या फटीत एका रात्रीसाठी स्वस्तातली ऑफर पाहून आलेला माणूस, म्हणजे आपण. आपली 'तळ्याकडची द्या' ही विनंती वाचली जाते तेव्हा तळ्याकडच्या सगळ्या खोल्या कुणाच्या तरी सलग चार रात्रींत गुंतलेल्या असतात. यात आपल्याबद्दल आकस नसतो. आपल्याबद्दल काहीच नसतं, हेच खरं दुखणं आहे.

मामांचं शास्त्र नेमकं हेच, फक्त निकष वेगळे. जास्त रात्री राहणाऱ्याच्या जागी जास्त दिवस लक्षात ठेवणारा, एवढाच फरक. नवरदेवाची आत्या डायरीत पहिली बसते. तिला खोली नीट मिळाली नाही तर ती गोष्ट पुढच्या पिढीच्या लग्नापर्यंत टिकते. मग मोठे जावई. मग पुण्याहून आलेले नोकरीवाले, कारण त्यांना कमोड लागतो आणि कमोडवाल्या खोल्या ठरलेल्या असतात. मग रात्री औषध घेणारे आजोबा आणि आजोबांच्या शेजारी झोपू शकेल असा, घोरण्याला न घाबरणारा, एखादा पुतण्या. मुलीकडच्यांची नावं डायरीत नसतातच. मुलीकडचे जागे राहतात.

सगळ्यात मोठा गोंधळ सकाळी होतो. हॉटेलात खोली दहा-अकराला सोडायची असते आणि पुढच्याला एक-दोन वाजता द्यायची असते. मधल्या दोन-तीन तासांत चादरी, मोरी, फरशी, पाण्याच्या बाटल्या सगळं उरकायचं. सफाई करणारी व्यक्ती एका पाळीत साधारण बारा ते सोळा खोल्या करते. दारात उभं राहून घड्याळ दाखवल्यानं त्या सोळाच्या वीस होत नाहीत. म्हणजे सकाळी साडेनऊला येऊन "आमची खोली द्या" म्हणणारा पाव्हणा खरं तर कुणातरी अनोळखी माणसाला अंथरुणातून उठवायला सांगत असतो.

लॉन्सवर तर कालचं लग्न आणि आजचं लग्न एकाच व्हरांड्यात समोरासमोर येतात. मुंबईची देवगिरी एक्स्प्रेस सकाळी परभणीत येते, आणि आजच्या लग्नाचे पाव्हणे डोळे चोळत हजर होतात. त्यांच्या खोलीत कालच्या लग्नाची मावशी कानातलं एक शोधत असते. आजचे म्हणतात, "झालं का?" कालची मावशी म्हणते, "एकच घावलंय." मग आजच्या लग्नातल्या दोन बायका पदर खोचून गादीखाली शोधायला लागतात. कानातलं सापडेपर्यंत दोन्ही लग्नांची ओळख होते, एकीच्या भाच्याला दुसरीची पुतणी सुचवली जाते, आणि खोली साडेअकराला रिकामी होते. कुठल्याही रिसॉर्टाच्या संगणकात ही सोय नाही.

हॉटेलवाले असलेल्या खोल्यांपेक्षा थोड्या जास्त विकतात, कारण ठरवून आलेलेही काही जण ऐनवेळी येत नाहीत. मामा तेच करतात. भेटेल त्याला म्हणतात, "मुक्कामालाच या, खोली ठेवलीय तुमची." त्यांचा अंदाज असा की निम्मे पाव्हणे जेवून रात्रीच मानवत, सेलू, पूर्णा गाठतील. जेवण बेताचं झालं तर अंदाज बरोबर येतो. जेवण झकास झालं तर कुणीच हलत नाही. अशा वेळी हॉटेलवाला पाव्हण्याला स्वतःच्या खर्चानं दुसऱ्या हॉटेलात पाठवतो. मामा त्याला शेजारच्या घरी पाठवतात. त्या घरातल्यांना पाव्हणा दारात आल्यावर कळतं, पण चहा तेवढ्यात ठेवलेला असतो. बाकीच्यांसाठी मांडवात गाद्या पडतात. गाद्यांवर झोपणारे रात्री दोनपर्यंत गप्पा मारतात आणि लग्नात सगळ्यात जास्त मजा त्यांचीच होते. पण हे त्यांनी कबूल करायचं नसतं.

तक्रारीची रीत पाहा. रिसॉर्टात माणूस घरी जाऊन दोन तारे देतो. आमच्याकडं तारे देत नाहीत, रुसतात. रुसणं हे जाहीर करावं लागतं, त्यामुळं त्यासाठी जागा निवडायची ती सगळ्यांना दिसेल अशी. मोठे जावई हमखास लॉन्सच्या दारात लावलेल्या स्वतःच्या गाडीत जाऊन बसतात.

"दाजी, कामून गाडीत बसलाव?"

"गाडीत एसी आहे."

"खोलीत कूलर लावलाय की."

"कूलर लावलाय. त्यात पाणी कोण घालणार, मी?"

मामा एका शब्दानं वाद घालत नाहीत. डायरी उघडतात, पेन्सिलीनं लिहिलेलं खोडतात, आणि पाचव्या मिनिटाला करवल्यांची एसी खोली रिकामी होऊन जावईबापूंची बॅग आत जाते. रिसॉर्टच्या भाषेत याला अपग्रेड म्हणतात. अर्धा मेकअप घेऊन व्हरांड्यात आलेल्या करवल्या याला जे म्हणतात ते इथं छापता येणार नाही.

खाजगी झालं, सरकारी खोलीचं गणित आणखी निराळं. शासकीय विश्रामगृह सार्वजनिक बांधकाम विभागाचं असतं. कुठल्याही जिल्ह्याचं घ्या, तिथं विनंती करत नाहीत, अर्ज करतात, आणि अर्जाला क्रम नसतो, पद असतं. मंत्री आधी, मग लोकप्रतिनिधी आणि अधिकारी. सामान्य माणसालाही खोली मिळू शकते. फक्त वरचं कुणी आलं की ती सोडायची तयारी ठेवायची. मंत्री येणार की नाही हे अनेकदा मंत्र्यांनाही शेवटपर्यंत ठाऊक नसतं. त्यामुळं ताठ चादरीची, फुलदाणीची, नव्या साबणाची एक खोली सज्ज राहते, मंत्र्यांचा ताफा चहा न घेता थेट नांदेडला जातो, आणि पलीकडच्या खोलीतला ज्युनिअर इंजिनिअर रात्रभर गळणाऱ्या नळाखाली बादली सरकवत राहतो.

मुंबईतही आमची एक खोली आहे, निदान आम्ही तसं समजतो. परभणी, जिंतूर, गंगाखेड आणि पाथरी असे जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ. मंत्रालयात काम असलेला किंवा टाटा रुग्णालयात पेशंट दाखवायला निघालेला माणूस तिकीट काढायच्या आधी आमदारांच्या पीएला फोन लावतो. आकाशवाणी आमदार निवासात जागा होते. खोली एक, कॉट दोन, माणसं मतदारसंघाच्या प्रेमाइतकी. तिथं खोली मिळत नाही, फरशीचा तुकडा मिळतो, आणि त्याला सातबारा नसतो. रात्री पाणी प्यायला उठलात की कब्जा बदलतो. पण मुंबईत हॉटेलचा दर ऐकून आलेल्या माणसाला तो तुकडा सूटपेक्षा मोठा वाटतो. त्याबाबतीत थट्टा नको.

तीर्थक्षेत्रांची तऱ्हा वेगळी. पाथरी साईबाबांचं जन्मस्थान मानली जाते, गंगाखेड जनाबाईंचं गाव आणि वर गोदावरीचा घाट. तीर्थाच्या गावी धर्मशाळेत गेलात तर वही समोर घेतलेले गृहस्थ आधी माणूस वाचतात, मग ओळखपत्र. कुटुंब असेल तर खोली आहे. एकटा पुरुष असेल तर बऱ्याच ठिकाणी नाही. साठी उलटलेला, कपाळाला बुक्का लावलेला, वार्षिक वर्गणीची पावती खिशात बाळगणारा माणूसही एकटा आला तर त्याला सांगतात, "बायको आणा." विधुरांनी मोक्ष मिळवायचा तर दिवसाउजेडी मिळवावा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जावं.

आणि याच जिल्ह्यातून आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते, परभणी आणि गंगाखेडवरून. शेकडो वारकरी, ठरलेले मुक्काम, आणि पाठ टेकायला मिळेल ती जागा. कुणी कुठं टेकायचं हे शिस्तीनं ठरलेलं असतं. तिथं 'लिफ्टजवळची नको' असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्यांना पहाटे निघायचं असतं. ज्याला दुपारी बारापर्यंत लोळायचं असतं, त्यालाच खिडकी कुठल्या दिशेची हा प्रश्न पडतो.

साहित्यिक मात्र वारकरी नव्हेत. १९९५ साली अडुसष्टावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत झालं. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. गिरणगावातल्या कामगारवस्तीत वाढलेला माणूस अध्यक्ष असताना उशी पातळ आहे म्हणायची कुणालाही लाज वाटावी. पण संमेलन कुठल्याही गावचं असो, निवास समितीचा प्रमुख तीन दिवसांत पाच किलोनं उतरतो. निमंत्रितांना हॉटेल आणि प्रतिनिधींना शाळा किंवा वसतिगृह, ही पहिली जखम. दुसरी जखम जोड्या लावण्याची. कवीला कवीसोबत ठेवलं तर दोघंही रात्रभर ऐकवतात आणि कुणीच ऐकत नाही. कवीला समीक्षकासोबत ठेवलं तर कवी खोलीत येतच नाही. दोन कादंबरीकारांना एकत्र ठेवता येतं. ते एकमेकांशी बोलत नाहीत. विनोदी लेखकाला कुठंही टाका, तो तक्रार करत नाही. घरी जाऊन लेख लिहितो.

खोली वाटपाचा हिशोब इतका अंगात मुरलेला हा जिल्हा, पण स्वतःच्या वेळी मात्र त्यानं फार भिडस्तपणा केला. १९८१ साली जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका तिकडं दिला. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला आणि त्याच्यासोबत औंढा नागनाथ गेलं. म्हणजे ज्योतिर्लिंग दिसणारी एकमेव खोली परभणीनं पाव्हण्याला दिली आणि स्वतः नऊ तालुके घेऊन व्हरांड्याकडच्या बाजूला झोपली. तेव्हा कुणी गाडीत जाऊन बसलं नाही. बसायला हवं होतं.

एवढं सगळं पाहिल्यावर एक गोष्ट पक्की होते. रिसॉर्ट असो, विश्रामगृह असो की जानवसा, खोली देणाऱ्या माणसाकडं चांगल्या खोल्या थोड्या असतात आणि त्या मागायला आलेले सगळेच खास असतात. त्याला आपला मोठेपणा सांगून उपयोग नाही. त्याच्या यादीत सगळे मोठेच आहेत. त्याला अडचण सांगितली तर उपयोग होतो. 'चांगली खोली द्या' या वाक्याचं तो काहीच करू शकत नाही. 'आईचे गुडघे दुखतात, तळमजला द्या' या वाक्याचं तो काहीतरी करतोच, कारण ते त्याला डायरीत लिहिता येतं.

तेव्हा वाचकहो, मागायचं ते एकच मागा. एकाच्या सहा विनंत्या केल्यात तर त्यातली सगळ्यात सोपी पुरी होते आणि गरजेची राहते. कारण सांगून मागा. अॅपच्या चौकटीत लिहून गप्प बसू नका. निघायच्या आदल्या दिवशी थेट तिथल्या काउंटरला फोन करा, कारण वाटप त्याच रात्री होतं. ठरल्या वेळेच्या आधी पोचलात तर बॅगा तिथं ठेवा, जेवून या, आणि सफाईवाल्या बाईंच्या मागं उभं राहू नका. चावी हातात पडल्यावर खोली पसंत नसेल तर बॅग उघडायच्या आधी बोला. पलंगावर लोळून झाल्यावर बदली मागणं हे मामांनाही आवडत नाही आणि मॅनेजरलाही.

आणि मे महिन्यात परभणीला लग्नाला येणार असाल, तर वरचा मजला घेऊ नका, पश्चिमेची भिंत घेऊ नका, आणि चावी घेण्याआधी कूलरच्या टाकीत हात घालून पाहा.